डबल बेल

मुर्री,
रविवार, १८ नोव्हेंबर २०१२

तीर्थरूप जाऊबाई भागीरथाबाई यांना,
रंजिताचा जयभीम.

तुमचं पत्र गुरुवारी मिळालं. अक्षर पाहूनच कळलं की सूनबाईनं लिहिलं आहे. हर्षाचं अक्षर सुरेख आहे, तिला सांगा. बाई, तुम्हाला वाचता येत नाही, म्हणजे हे पत्रही तीच वाचून दाखवणार. तिनं ते मोठ्यानं वाचावं, आणि तुमच्या मालकांच्या, भासऱ्यांच्या खाटेजवळ बसून वाचावं. त्यांचा हात गेला, पाय गेला, तोंड वाकडं झालं, पण कान चांगले आहेत असं तुम्हीच लिहिलं आहे.

फोन करता आला असता. पण फोनवर तुम्ही रडाल आणि मी गप्प होईन. तेरा वर्षांपूर्वी मी घरातून निघाले तेव्हा तसंच झालं होतं.

इकडचं ठीक आहे. आईचे गुडघे थकले, तोंड थकलेलं नाही. पिंकी बारावीला आहे, सायन्सला, आणि तिला नर्सिंगला जायचं आहे. मागच्या वर्षी आईच्या घराला लागून दोन खोल्या बांधल्या. वर स्लॅब आहे. दाराशी माझ्या नावाची पाटी लावली आहे, खाली लिहिलं आहे वाहक. आई म्हणते, पाटी लावून काय होते, तुले तर अख्खा रस्ता ओळखते. तरी मी लावली. कोणाला घर शोधत यायचं झालं तर सापडावं.

तुम्ही विचारलं आहे की दर सोमवारी भासऱ्यांना गोंदियाला दवाखान्यात न्यावं लागतं, हाताचा व्यायाम करवून घेतात, आणि काळी-पिवळीवाला आता त्यांना घ्यायला तयार नाही. तेव्हा नऊ वीसची कामठ्याहून येणारी गाडी आपल्या फाट्यावर थांबेल का. त्याच पत्रात पुढे लिहिलं आहे, ‘दसऱ्याच्या आदल्या दिवशी आम्ही फाट्यावर उभे होतो. गाडी थांबली नाही. गर्दीत तुला दिसलं नसेल.’

त्यावर शेवटी लिहिते. आधी दुसरं लिहू द्या.

बाई, तो स्वेटर आठवतो का तुम्हाला? पिंकीचा, लाल, बाह्यांना पांढरी पट्टी, तुम्हीच विणलेला. १९९९ ची गोष्ट. फेब्रुवारीत बिसराम तापानं गेले, मी विधवा झाले. जयंती झाली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी भासरे ओसरीतून तुम्हाला म्हणाले, मला ऐकू येईल असं, ‘तिले माहेरी धाडून दे. मन रमल. चार दिवस राहू दे, मग मी घ्यायले येतो.’ मला बरं वाटलं. घरात बिसरामचे कपडे अजून खुंटीला होते. मी पिंकीची वेणी घालत बसले आणि माझी पेटी तुम्ही भरली.

फाट्यापर्यंत पेटी त्यांनी सायकलवर आणली. गाडी आली तेव्हा त्यांनीच हात दाखवला, पेटी वर चढवली आणि कंडक्टरला सांगितलं, ‘मुर्रीले उतरवून दे.’ मी पदर पुढे ओढून उभी होते. भासऱ्याशी तोंड वर करून बोलायचं नाही, हे आपल्या घरातलं वळण. लग्नाच्या पाच वर्षांत मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते. म्हणून केव्हा घ्यायला येता, कोणत्या वारी, हे मी विचारलं नाही. तेवढं विचारलं असतं तरी त्यांच्या तोंडावर काहीतरी दिसलं असतं. पिंकीनं मात्र खिडकीतून विचारलं, ‘मोठेबाबा, तुम्ही याल ना?’ तिला ते हो म्हणाले.

चार दिवस झाले, महिना झाला. आईचं घर रस्त्याला लागून, कामठ्याकडून येणारी प्रत्येक गाडी नाल्याच्या वळणावर दिसायची. पिंकी प्रत्येक गाडीला पळत जायची. मी विड्या वळत असायची, हात चालू आणि डोळे रस्त्यावर. मला एकदाही वाटलं नाही की उठावं आणि आपणच जावं. सासरी परत जायचं तर कोणीतरी घ्यायला यावं लागतं, आपल्या पायानं गेली तर लोक म्हणतात माहेरच्यांना जड झाली. आई तर रोज म्हणायची, ‘घ्यायले आल्याबिगर जाशील तर घरात तुयी काय इज्जत राहील?’ इज्जतीसाठी मी बसून राहिले. अख्खा उन्हाळा, रोवणी, धान कापणी.

दिवाळीनंतर थंडी पडली आणि पिंकीसाठी मी पेटीच्या तळातून तो स्वेटर काढला. उन्हाळ्यात तो पाहिला होता तेव्हा वाटलं होतं, बाईंनी चुकून ठेवला. त्या दिवशी पोरीच्या अंगात घालताना बाहीतच माझा हात थांबला. एप्रिल महिन्यात, चार दिवसांसाठी, कोणी पोरीचा स्वेटर ठेवत नाही. तुम्हाला माहीत होतं बाई. पेटी भरताना माहीत होतं. तुम्ही मला सांगितलं नाही, पण पोर थंडीत कुडकुडू नये एवढं पाहिलं. मी त्यासाठी तुमचे उपकार मानू की तुम्हाला शाप देऊ, हे तेरा वर्षांत ठरवू शकले नाही. जास्त वेळा शापच दिला आहे.

पुढचं मला नागरा गावात कळलं. महाशिवरात्रीच्या जत्रेत आई आणि मी उकडलेली रताळी विकायला बसलो होतो. आपल्या शेजारच्या सुमित्राबाई दर्शनाहून येत होत्या. मला पाहून थबकल्या. ‘काऊन वं रंजिता, तू रताळी विकून राहिली? तुनं तर पाट लावला म्हनते ना केवळराम. अख्ख्या गावाले सांगते.’ तलाठ्याकडेही भासऱ्यांनी हेच लिहून दिलं होतं, की बिसरामच्या बायकोनं दुसरं लग्न केलं आणि घर सोडून गेली. दीड एकर धानाची बांधी आणि बिसरामची खोली, दोन्हीवर एका सहीनं त्यांचं नाव आलं. वकिलाकडेही जाऊन आले मी. तो म्हणाला, तुम्ही वर्षभर परत का गेल्या नाहीत? मी म्हटलं, घ्यायला कोणी आलं नाही. तो हसला.

त्या हसण्यावर मी शिकले असं समजा. आठवी झालेली होते. सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसले, गणितात दोनदा उडाले, तिसऱ्यांदा निघाले. विड्यांच्या सुपात पुस्तक ठेवून वाचायची, पानांवर तंबाखू पडायची. मग बायकांना कंडक्टर म्हणून घेतात असं ऐकलं. बिल्ला काढला, परीक्षा दिली, आणि २००६ साली खाकी अंगावर चढली. पहिल्या दिवशी आईनं कडेवर घ्यावं तशी ती तिकिटांची पेटी घेतली आणि रडली.

दोन वर्षांनी ड्युटी लावणाऱ्या क्लार्ककडे मी कामठ्याची फेरी मागून घेतली. त्याला नवल वाटलं. सगळे लांबच्या गाड्या मागतात, म्हणाला, आणि तुम्हाला धुळीचा रस्ता कशाला पाहिजे? मला तो रस्ता कशाला पाहिजे होता ते तुमच्या घरात सगळ्यांना कळलं असेल.

पंधरा दिवसांनी भासरे गाडीत चढले. त्यांनी मला ओळखलं आणि खिडकीबाहेर पाहत नोट पुढे केली. मी पदर ओढायला हात वर नेला, बाई, खरंच नेला, सवयीनं. खाकीला पदर नव्हता. मग मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या तोंडाकडे पाहून बोलले. म्हटलं, ‘कुठं जायचं?’ ते पुटपुटले. मी म्हटलं, ‘मोठ्यानं बोला, ऐकू येत नाही.’ गाडीत आपल्या गावची वीस-पंचवीस माणसं होती. त्यांनी मोठ्यानं सांगितलं, ‘गोंदिया.’ मी तिकीट फाडून दिलं. त्या रात्री मला इतकी गाढ झोप लागली की आईनं हलवून उठवलं.

त्यानंतर ते माझ्या गाडीत चढले नाहीत. पन्नाशी उलटलेला माणूस, वैशाखात सायकल मारत गोंदियाला जायचा. मी ड्रायव्हर चुन्नीलालला म्हणायची, भाऊ, हॉर्न दे जरा. हॉर्न वाजला की ते सायकल कडेला घ्यायचे आणि मी खिडकीतून पाहायची. जाताना एकदा, येताना एकदा. चार वर्षं मी हे केलं आणि एकदाही कंटाळा आला नाही. मनातलं लिहायचं ठरवलं आहे तर हेही लिहिते.

पण नोकरीत मी कोणाचं वाईट केलं नाही. बांधावरून म्हातारी पळत येताना दिसली तर मी गाडी थांबवली आहे. शाळेच्या पोरींना कधी उभं सोडलं नाही. त्या मला लांबून पाहूनच ओरडतात, ‘बाईची गाडी आली, मिळते आता.’ हे ऐकायला मी सकाळी उठते. पिंकी सोडून एवढी एकच गोष्ट माझी होती, जिला तुमच्या घराचा हात लागला नव्हता.

आता दसऱ्याच्या आदल्या दिवसाचं.

गाडी भरलेली नव्हती. आपल्या वस्तीतली निम्मी माणसं दीक्षाभूमीला गेली होती, तुमचा मुलगा संघदीप आणि हर्षाही, हे नंतर कळलं. मी दाराजवळच्या सीटवर होते. फाटा आला आणि तुम्ही दिसलात. भासरे खाली मैलाच्या दगडाला टेकून बसले होते, डोक्यावर दुपट्टा, मान एका बाजूला. तुम्ही हात दाखवत होतात.

तुम्ही दोन्ही हात दाखवत होतात, बाई.

चार वर्षांत मी त्या फाट्यावर शेकडो हात पाहिले आहेत. बाजाराला जाणारी बाई एक हात दाखवते, तोही अर्धा. दोन्ही हात वर करून कोणी बाजाराला जात नाही. मला कळलं होतं. जसा तुमच्या स्वेटरचा अर्थ कळला तसाच, फक्त या वेळी सात महिने लागले नाहीत. चुन्नीलालनं वेग कमी केला आणि आरशातून माझ्याकडे पाहिलं. एक बेल म्हणजे थांब. मी दोरी दोनदा ओढली.

तो म्हणाला, ‘बाई, किसीने हाथ दिखाया क्या?’

मी म्हटलं, ‘नाही. चला.’

पुढची जीप तुम्हाला दीड तासानं मिळाली. डॉक्टर म्हणाले, लवकर आणलं असतं तर हात तरी वाचला असता. हे तुम्ही लिहिलं आहे आणि त्याच्याच खाली लिहिलं आहे की तुला दिसलं नसेल. हर्षानं ते तुमच्या सांगण्यावरून लिहिलं असेल, पण तुम्हाला खरं माहीत आहे. माझं तोंड खिडकीत होतं. आपली नजरानजर झाली.

मला वाईट वाटतं का, हे मी महिनाभर शोधते आहे. त्यांच्या हाताचं वाटत नाही. त्याच हातानं त्यांनी माझी पेटी गाडीत चढवली आणि त्याच हातानं तलाठ्याकडे सही केली. वाईट वाटतं ते त्या दोरीचं. आता शाळेच्या पोरींसाठीही बेल देताना माझा हात क्षणभर अडतो. माझी म्हणून जी एक गोष्ट होती, ती मीच त्यांच्या नावानं खर्च केली. याचाही राग मला त्यांचाच येतो. तुम्ही म्हणाल हा न्याय नाही. नसेल.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर. गाडी थांबेल. सोमवार, २६ तारखेला फाट्यावर उभे राहा, एक हात दाखवला तरी पुरे. मी सिंगल बेल देईन. खांद्याला धरून त्यांना मी आणि चुन्नीलाल वर घेऊ. दाराजवळची माझी सीट त्यांना देईन. तिकीट काढावं लागेल. आणि तुम्ही सांगितलंत तर, दसऱ्याच्या आदल्या दिवशी काय झालं ते मी डेपोत लिहून देईन. बिल्ला गेला तरी मी खोटं बोलणार नाही, कारण तुमच्या घरातलं ते एक काम मी शिकले नाही.

पण मुर्रीचा थांबा आला की गाडी उभी राहील. समोर माझी पाटी लावलेलं दार दिसेल. पिंकी दारात असेल. तेव्हा भासऱ्यांनी भरल्या गाडीत, आपल्या गावच्या माणसांसमोर, माझ्याकडे पाहून म्हणायचं आहे, ‘रंजिता, मी तुले घ्यायले आलो.’ तोंड वाकडं आहे, शब्द नीट येणार नाहीत, हे मला माहीत आहे. कसेही आले तरी मला समजतील. मी येणार नाही. मला तुमची खोली नको आणि बांधीचं मी पिंकीवर सोडलं आहे, ती मोठी होऊन काय करायचं ते करेल. मला फक्त घ्यायला आलेलं पाहिजे.

त्यांनी तसं म्हटलं की लगेच मी दोरी दोनदा ओढीन आणि गाडी दवाखान्याकडे निघेल. नाही म्हणाले तरी गाडी निघेल, तेवढी मी वाहक आहे. पण मग मुर्रीपासून गोंदियापर्यंत मी बोलेन. पेटीपासून तलाठ्यापर्यंत सगळं. हाका मारून मारून माझा आवाज आता चांगला मोकळा झाला आहे.

हर्षा, तू हे वाचत असशील तर एक ऐक. माहेरी जाताना तुझी पेटी तू स्वतः भर.

बाई, स्वेटर मी टाकलेला नाही. पिंकीला लहान झाला, तरी पेटीत आहे. सोमवारी येताना भासऱ्यांच्या अंगावर काहीतरी गरम घाला, सकाळचं वारं लागतं.

चार दिवसांसाठी माहेरी आलेली,
रंजिता