गच्चीवरची जांभळीची सावली

प्रिय क्षितिजा,

तुला आशीर्वाद, तुझ्या आईबाबांना नमस्कार. पाकिटावरचं माझं वेडंवाकडं अक्षर बघून तू हे तसंच उशीखाली सरकवशील, मला माहीत आहे. तसं करू नकोस बाय. माझा फोन तू उचलत नाहीस, देवेशचा नंबर तर बंदच करून टाकलास. शेजारच्या तय्यबाचा हमजा टेम्पो घेऊन तुमच्या अंबाडीला निघाला आहे, त्याच्याच हाती हे देते. तू घरी परत यावंस म्हणून लिहिते आहे, ते आधीच सांगून टाकते. सासूच्या पत्रात शेवटी काय निघतंय ही धास्ती नको. पण माझ्या लेकाला माफ कर असं मी लिहिणार नाही. त्याचं त्यानं निस्तरावं. मला तुला सोलरचं सांगायचं आहे.

हो, त्याच मेल्या सोलरचं. कंपनीचा मनोज गच्चीवर टेप लावून मोजत होता तेव्हा तूच त्याला चहा दिला होतास. जांभळीचं झाड राहिलं तर दुपारनंतर तीन पॅनलना ऊन लागणार नाही, पैसे वसूल व्हायला दोन-तीन वर्षं जास्त जातील, असं तो म्हणाला आणि देवेशच्या डोक्यात ते बसलं. तू माहेरी गेल्याचं बघून त्यानं करवतवाले बोलावले. मी अंगणात उभी राहून भांडले, घसा बसला माझा, पण वाचवलं काय, तर नुसता बुंधा. मुळाला हात लावलास तर याद राख म्हटलं, तिथं माझी नात आहे. तेवढं मात्र त्यानं ऐकलं.

आपल्यात तान्ह्या जिवाला अग्नी देत नाहीत. बारशाला पाळणा सांगून ठेवला होता आणि ती त्याच्या आधीच गेली. देवेश तिला खाडीकडं न्यायला निघाला, तर तू ओली बाळंतीण दारात आडवी बसलीस. लांब नको, माझ्या खिडकीतून दिसेल अशी ठेवा, एवढंच म्हणत राहिलीस. म्हणून जांभळीखाली ठेवली तिला. तीन वर्षं तू रोज सकाळी तिथं तांब्याभर पाणी घालायचीस आणि काहीबाही बोलायचीस. मी ओट्यापाशी उभी राहून ऐकायचे, खोटं कशाला सांगू. देवेशनं मात्र त्या खिडकीचा पडदा कधी सरकवला नाही. झाड त्यानं युनिटसाठी तोडलं असं तो म्हणतो. मला वाटतं, त्याला ते बघवत नव्हतं. तू आलीस, बुंधा बघितलास, खांद्यावरची पिशवीही न उतरवता त्याच रिक्षानं परत गेलीस. घोटभर पाणीसुद्धा घेतलं नाहीस गं.

पॅनल बसले. सबसिडी आली, मीटर बदललं, पहिलं बिल इतकं कमी आलं की देवेश ते सगळ्या काल्हेर गावाला दाखवत सुटला. मी म्हटलं, चला, आता लाईट जायची कटकट मिटली. तर म्हणे तसं नसतं, बाहेरची लाईट गेली की हे पण बंद पडतं. घ्या! डोक्यावर एवढं ऊन तापतंय आणि खाली मी पंख्याविना हातातल्या पुठ्ठ्यानं वारा घेते. पाच वर्षांत पैसे वसूल, मग पुढं सगळं फुकट, हे त्याचं रोजचं पालुपद. घरात ऐकायला मी एकटीच होते.

होळी झाली आणि युनिट पडायला लागले. त्याच्या मोबाईलमध्ये ऊन किती आलं त्याची रेघ दिसते. सकाळी छान चढायची आणि दुपार कलली की धाडकन खाली. आभाळ निरभ्र, ऊन असं की पायाला चटके बसावेत. मनोज आला, वायरी बदलल्या, एक पॅनल बदलला, जिन्याखालचा तो इन्व्हर्टरचा डबासुद्धा बदलला. रेघ काही सुधरेना. शेवटी एका दुपारी त्यानं पश्चिमेकडच्या पॅनलवर तळवा टेकवला आणि झटक्यात काढून घेतला. भर उन्हात काच माठासारखी गार. त्यानं हत्यारं गोळा केली आणि टोपी तिथंच विसरून गेला. आता तो देवेशचाही फोन उचलत नाही.

मी हसले तेव्हा. दुसऱ्या दिवशी पापड काढायला वर गेले आणि माझं हसू जिरलं. क्षितिजा, त्या तीन काचांवर सावली होती. ढगाची नाही. फांद्यांची, पानांची, हलणारी. वारा एवढासा नव्हता, दोरीवरचे कपडे जागचे हलत नव्हते, आणि काचेवर पानं सळसळत होती. मान वर करून बघितलं, तर मोकळं आभाळ आणि पलीकडं गोदामांचे पत्रे. मी भिंतीवरून तय्यबाला हाक मारली. ती आली, तिनं बघितलं, ओढणी डोक्यावर घेऊन काहीतरी पुटपुटली. मग माझा हात धरून म्हणाली, चंद्रा, ही ती तुमची जांभूळच हाय गं, दुसरं काय न्हाय. जिन्यावरून उतरताना आम्ही दोघी म्हाताऱ्या पोरींसारख्या एकमेकींना धरून होतो. तुला फोटो पाठवला असता, पण फोटोत काच नुसती लखलखते. तीनदा काढून बघितला.

देवेशला वाटलं मला ऊन लागलं. मग वर जाऊन स्वतः बघून आला. आधी कंपनीला कोर्टात खेचणार होता, तो आता दापोड्याच्या गोदामातून अर्धी सुट्टी टाकून घरी येतो आणि त्या गार काचेला पाठ टेकून बसून राहतो. वसुलीचं नाव काढत नाही. परवा जेवताना मला म्हणाला, आई, ती आता केवढी असती गं? मी म्हटलं, चौथं लागलं असतं, घरभर धुडगूस घातला असता. त्यानं ताट सरकवलं आणि तोंडावर हात घेऊन रडला. तिचं नाव काढून त्याला रडताना मी पहिल्यांदा बघितलं. नाव कसलं, नाव तर नाहीच तिला.

तय्यबा म्हणते कोणाला तरी दाखवून घे. भगताला आणू की मौलवीला, दोघांनाही गच्ची चढून यावं लागेल, म्हटलं. पण खरं सांगू, मीही घाबरले होते. दिवेलागणीनंतर वर जायची हिंमत होत नव्हती. त्यात या आठवड्यात काचांवर डाग पडायला लागले, जांभळे. जांभळांचा हंगामच आहे, पाखरं कुठून तरी आणत असतील म्हणून मी पुसून घेतले. दुसऱ्या दिवशी परत. मी वाकून वास घेतला, आपल्याच जांभळांचा. किंचित तुरट, तू मीठ लावून खायचीस ती.

आणि आज सकाळचं. शेवटच्या पॅनलची खालची कड माझ्या गुडघ्याच्या जरा वर येते. त्या कडेला, काचेवर, बोटं उमटली आहेत. जांभळी. एवढुशी. चार बोटं आणि अंगठा, खाली ओघळत आलेली, पोर उभं राहायला धरतं ना, तशी. गच्चीला कुलूप असतं आणि किल्ली माझ्या कमरेला. मला भीती वाटायला हवी होती, पण नाही वाटली. मी तिथंच फतकल मारून बसले आणि पोटभर रडले. देवेशला अजून सांगितलेलं नाही, कारण आधी आईनं बघायचं. शनिवारी काचा धुवायला माणूस येणार आहे, म्हणून त्या जागेवर माझं जुनं लुगडं पांघरून ठेवलं आहे. म्हणूनच हे घाईघाईनं लिहिलं. तिथं बसून मला तिला हाक मारायची होती. तोंड उघडलं आणि काय म्हणावं ते कळेना. बारशासाठी तू एक नाव मनाशी धरलं होतंस, कोणालाच सांगितलं नव्हतंस. शनिवारच्या आत ये, आणि ते नाव घेऊन ये.

तुझ्या वाटेकडं डोळे लावून बसलेली,
तुझीच,
आई