कै. गुरुदास धुरी यांचा गणवेशातील एकमेव फोटो परत मिळणेबाबत

प्रति,
मा. ग्रामविकास अधिकारी,
ग्रामपंचायत कार्यालय, आडबंदर,
जि. सिंधुदुर्ग.

विषय : रस्त्याच्या नामफलकासाठी जमा करून घेतलेला माझ्या पतीचा फोटो परत मिळणेबाबत (अर्ज पाचवा).

संदर्भ : १) माझे यापूर्वीचे चार अर्ज. २) आपले दि. १ सप्टेंबरचे पत्र.

महोदय,

वरील विषयास अनुसरून मी, श्रीमती सत्यवती गुरुदास धुरी, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, वय ६९, रा. देऊळवाडी, आपणांस पुन्हा विनंती करते की,

१) माझे पती कै. गुरुदास धुरी यांनी नौदलात बावीस वर्षे नोकरी केली, पैकी सतरा वर्षे पाणबुडीवर. गेल्या वर्षी जूनमध्ये ते वारले. बस थांब्यापासून देवळापर्यंतच्या रस्त्याला त्यांचे नाव देण्याचा ठराव ग्रामसभेने एकमताने केला. त्याबद्दल मी आभारी होते व आहे.

२) फलकावर चित्र काढण्यासाठी फोटो मागण्यात आला. पाणबुडीत फोटो काढायला मनाई असे. सबब गणवेशातला फोटो एकच, लग्नानंतर विशाखापट्टणमला स्टुडिओत काढलेला, छातीवर पाणबुडी दलाचा बिल्ला असलेला. बाकीचे सगळे म्हातारपणीचे व आजारपणातले. मी झेरॉक्स देऊ केली असता आपले लिपिक श्री. निलेश म्हणाले, "बाई, झेरॉक्स चलाची नाय, ओरिजनलच व्हयो. दोन दिवसांत परत गावतलो." निलेश माझाच विद्यार्थी. पहिलीत त्याचा हात धरून मी अक्षर गिरवून घेतले आहे. मी विश्वास ठेवला. मोबाइलवर काढून का ठेवला नाही, असे आता सगळे विचारतात. सरकारी कचेरीत कागद सुखरूप राहतो असे समजणाऱ्या पिढीतली मी आहे, दुसरे काय सांगू!

३) दि. २६ जानेवारी रोजी फलक उभा राहिला. त्यावर बर्फाचे डोंगर आहेत, रणगाडा आहे आणि रणगाड्यावर भरघोस मिशीचा एक अनोळखी गृहस्थ बंदूक रोखून उभा आहे. खाली नाव माझ्या पतीचे. चित्र काढणारे श्री. हरिश्चंद्र पेंटर एरवी दशावताराचे पडदे रंगवतात. त्यांचे म्हणणे असे की पाकीट आले, आत फोटो नव्हता, म्हणून सैनिकाचे नेहमीचे चित्र काढले. मिशीबद्दल विचारता म्हणाले, "सैनिकाक मिशी नाय, तर लोक सैनिक म्हणतले काय?" आमच्या ह्यांनी उभ्या जन्मात मिशी ठेवली नाही. तरीही पेंटरांबद्दल माझी तक्रार नाही. त्या माणसाने निदान मला बसायला खुर्ची दिली.

४) त्यानंतर मी चार अर्ज केले. पहिल्याला उत्तर नाही. दुसऱ्यावर सांगण्यात आले की फाइल पेंटरकडे आहे. तिसऱ्यावर, की पेंटर फाइलमध्ये नाही. चौथ्यावर आपले संदर्भीय पत्र आले, त्यात दोन गोष्टी मागितल्या आहेत. एक, हरवलेल्या फोटोची ओळख पटविण्यासाठी त्याच फोटोची एक प्रत जोडावी. दोन, फलकावरील इसम अर्जदाराचे पती नसल्याचे प्रतिज्ञापत्र पाचशेच्या बाँडवर सादर करावे. महोदय, हे पत्र मी तीनदा वाचले. सुनेला, तन्वीला, मोठ्याने वाचायला लावले. ती आधी हसली आणि मग आत जाऊन रडली.

५) फोटोसाठी ही बाई एवढी का झगडते, असे कार्यालयात बोलले जाते, ते माझ्या कानावर आले आहे. म्हणून लिहिते. ह्यांची बोट समुद्रात गेली की दोन-दोन महिने पत्र नसे, आणि कुठे आहेत हे विचारायचे नसे. घरी आल्यावर सासूबाई विचारत, "खंय होतस रे?" हे म्हणत, "पाण्यात होतंय." संपला विषय. मग विहिरीवर बसून दाढी घोटून करीत, कारण पाणबुडीत गोडे पाणी मोजून मिळे. कपड्यांचा डिझेलचा वास तीन धुण्यांतही जात नसे. ते नसताना मी त्या फोटोशी बोलत असे. मुलाला ताप आला तर तिथे सांगायचे, काजू विकला तर तिथे सांगायचे. माणूस जिवंत असताना फोटोवर दिवस काढले, महोदय, आणि आता तो गेल्यावर भिंतीवर नुसता खिळा आहे.

६) फलकाविषयी माझी काही मागणी नाही. रणगाडा राहू दे, विमान काढा, हवे तर हत्ती काढा. नवा फलक नको, नुकसानभरपाई नको, दिलगिरीही नको. आपल्या कपाटातली गठ्ठ्यांची दोरी सोडून एकदा बघावे, एवढेच. आपल्या माणसांना वेळ नसेल तर मी स्वतः येऊन एकेक गठ्ठा उघडीन. मला शाळेच्या कागदांची सवय आहे.

७) घाई करण्याचे कारण असे. परवा पितृपक्षात ह्यांच्या म्हाळाच्या दिवशी पान वाढून मी डोळे मिटले आणि ह्यांना आठवू लागले. गेले आठ महिने देवळात जाता-येता मी त्या फलकाखालून जाते. मिटल्या डोळ्यांसमोर तो रणगाड्यावरचा माणूस आला. पुष्कळ वेळ थांबले, हे काही आले नाहीत. पानातला भात निवला. शेवटी मी त्या परक्याच माणसाला जेवा म्हटले.

तरी फोटो शोधून देण्याची कृपा व्हावी.

थकलेली, तरी आपल्या उत्तराची वाट पाहणारी,

(सही)
श्रीमती सत्यवती गुरुदास धुरी

ठिकाण : आडबंदर
दिनांक : २२ सप्टेंबर २०२५

सोबत :
१) आधीच्या अर्जांच्या पोचपावत्या, चार.
२) पतीच्या मृत्यूचा दाखला.
३) पतीचा फोटो. (आपल्याकडे आहे.)