मुलगा-क्रीकचं घोडं

हिंगोली, ऑक्टोबर १९४८

प्रिय बद्रुद्दीन,

आधी चांगली बातमी: तुझी आई जैनबबी जिवंत आहे आणि माझ्या घरात बसून तुझ्या द्वारकावहिनीच्या भाकरीला नावं ठेवते आहे. वाईट बातमीही तिच्यामुळंच आहे.

ऑस्ट्रेलियातून तुझी पहिली तार दोन शब्दांची होती: 'पोचलो. मुलगा.' मुलगा नावाचं तिथं झाड असतं आणि त्यावरून मुलगा-क्रीक नावाचं गाव, हे आम्हाला काय ठाऊक! बिनलग्नाच्या लेकाला मुलगा झाला म्हणून तुझ्या आईनं गल्लीत साखर वाटली, वर मला दम भरला, "किसन्या, सून कोन ते इचारू नको." तेव्हापासून तुझा प्रत्येक कागद मी ओट्यावर मोठ्यानं वाचला. आमच्या गल्लीला नांदेड धड माहीत नाही, पण तुमची पत्र्याची मशीद, शनिवारचा नाच, बँडवाले, सगळं तोंडपाठ. तुझ्यासारख्या उंटवाल्यांनी पाणी वाहून गाव जगवलं आणि गावाच्या पन्नाशीच्या मिरवणुकीत उंटवाले सगळ्यात मागं! उंट हाकतो म्हणून हिंगोलीच्या माणसालाही तिथं 'अफगाण' म्हणतात, यावर आपल्या गल्लीतला सटवाजी पोट धरून हसला होता. शेवटचा कागद होळीआधी आला. त्यात तुझं लंगडं घोडं शर्यतीत उतरणार होतं.

सटवाजी आता हसत नाही. वैशाखात रझाकारांनी त्याचं घर जाळलं. निजामाचं राज्य गेलं, तसा तो कुऱ्हाड घेऊन मुसलमानांचे मोहल्ले धुंडाळू लागला. काल चौघांना घेऊन माझ्या दारात उभा. "घरात कोन हाये?" मी म्हणालो, मावशी. जन्मभर लोकांची टर उडवली, पण ऐनवेळी एवढंच सुचलं. तेवढ्यात तुझी आई स्वतःच बाहेर आली. "मावशी कोनाची? बद्रूची माय हाये मी. काहून?"

कुऱ्हाड वर गेली नाही, खालीही आली नाही. सटवाजी तिच्याकडं बघत राहिला. मग, सवयच ती, तोंडून निघून गेलं, "बद्रूचा कागद आला का? त्या लंगड्या घोड्याचं काय झालं?"

म्हातारी शांतपणे म्हणाली, "आलाय. शुक्रवारी ये, किसन्या वाचून दावतो."

तो गेला. शुक्रवारी येणार.

म्हणून हे पत्र. इकडं यायचं मनात आणू नकोस. लिही, विमानाच्या टपालानं. तोवर मी जुनंच पाकीट हातात धरून नवं वाचीन. थापा मारायला मला शिकवावं लागत नाही. पण माझं घोडं किती पळणार? तुझं पळव. जिंकव, हरव, कुंपणाला धडकव. फक्त शर्यत एका कागदात संपवू नकोस.

तुझाच, आणि कालपासून तुझा मावसभाऊ,
किसनराव