अठरा नंबरचा बिल्ला

लिहून ठेवणार तुळशीराम वल्द महादजी वानखडे, वय वर्षे सहासष्ट, धंदा शाळेच्या भिंतीजवळ पाट्या-लेखण्या विकणे, राहणार मलकापूर, जिल्हा बुलढाणा, वऱ्हाड. हे मृत्युपत्र मी कोणाच्या धाकाने लिहीत नाही, असे लिहिण्याची रीत आहे. मला तसे लिहिता येत नाही. गुरुवारी म्युनिसिपल कमिटीची दवंडी झाली, तेव्हापासून धाक आहेच. डोके मात्र ठिकाणावर आहे. नसते तर इतकी भीती वाटली नसती.

दवंडी अशी, की रस्त्यावर बसून माल विकणाऱ्या प्रत्येकाने सोमवारी परवाना व पितळी बिल्ला घेऊन कचेरीत स्वतः यावे. नवे साहेब नाव विचारतील, माणूस ओळखतील, अंगठा घेतील. ज्या बिल्ल्याचा धनी पटणार नाही तो रद्द, आणि जागा दुसऱ्यास.

माझ्या सदऱ्यावर अठरा नंबरचा बिल्ला आहे. कमिटीच्या वहीत त्या नंबरापुढे हैदर वल्द सईद असे नाव आहे. हैदर माझा जिवलग मित्र. तो मानमोडीच्या तापाच्या साथीत वारला, त्यास वीस वर्षे झाली.

कलम पहिले. राहते दीड खणाचे घर माझी सून, कैलासवासी मुलाची बायको, पुष्पाबाई हिला द्यावे. तिने मला कधी उलट उत्तर दिले नाही. मी कविता म्हणू लागलो की ती भांडी जोरात घासते, एवढेच. तो तिचा हक्क मी कायम ठेवतो.

कलम दुसरे. माझी कवितेची वही शाळेच्या तिसऱ्या इयत्तेस द्यावी. आमच्या वेळच्या कविता त्यात मी आठवून उतरवल्या आहेत. आम्ही त्या चालीवर म्हणत असू. मध्येच आगगाडीची शिटी झाली की गुरुजी हात वर करीत, आणि सारा वर्ग तोंड उघडे ठेवून त्याच ओळीवर थांबे. गाडी गेली की ओळ पुढे निघे. तसे थांबणे पुढे आयुष्यात कोठे मिळाले नाही.

त्या वर्गात माझ्याकडे आणखी एक काम असे. हैदरचे वडील रंगारी होते. सकाळी त्यांच्यासोबत कापड पिळून हैदर निळ्या हातांनी उशिरा येई. हजेरीत त्याचे नाव आले की मागच्या बाकावरून मी ‘हजर’ म्हणे. गुरुजी मान वर करीत नसत.

कलम तिसरे. बिल्ला माझ्याकडे कसा आला ते लिहितो. शाळेच्या कडुनिंबाखाली बसण्याचा परवाना हैदरचा होता. मला तो मिळाला नव्हता. कमिटीच्या दारोग्याने माझी टोपली दोनदा उचलून नेली होती. साथीत हैदर पडला तेव्हा त्याने बिल्ला माझ्या हाती दिला. म्हणाला, “हा कचेरीत ने, अन् सरवरीच्या नावानं करून दे. तुले कागदातलं समजते.” दुसऱ्या दिवशी तो गेला. सरवरी त्याची बायको; मांडीवर लहान गुलनार.

आठ दिवसांनी मी कचेरीत गेलो. कारकून खाली मान घालून वहीतली नावे वाचत होता. “हैदर वल्द सईद.” तो वारला असे सांगण्यासाठी मी तोंड उघडले, आणि ‘हजर’ म्हणालो. कारकुनाने वही पुढे सरकवली. “कर सही.” तोंडातून गेले ते सवयीने गेले. हैदरच्या नावाची सही मात्र मी शुद्धीवर केली, आणि पुढे दरसाल करीत आलो.

सरवरीभाभीस सांगितले, की बाईच्या नावाने परवाना देत नाहीत, हैदरचा बिल्ला जमा झाला, आणि मला माझा नवा मिळाला. ती जिनिंगमध्ये कापूस निवडायला लागली. आज तिच्या छातीत वीस वर्षांचे तंतू आहेत. चार पावले चालली की भिंत धरते. गुलनारही आता त्याच जिनिंगात जाते. मी सावलीत बसून पोरांना कविता म्हणून दाखवल्या.

~~कलम चौथे. कडुनिंबाखालची जागा व अठरा नंबरचा बिल्ला माझ्या पश्चात गुलनार हिला द्यावा.~~

हे कलम लिहून मला हलके वाटले होते. जे उघडे व्हायचे ते मी गेल्यावर होणार होते. काल शुक्रवारी लोकांचे अर्ज लिहून देणारे अर्जनवीस अर्जुनराव यांना कागद दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

“काऊन हो तुळशीरामजी, हे काय लिहून राह्यले?”

“गुलनारचं तिले देऊन राह्यलो.”

“कमिटीचा बिल्ला हाये, तुमच्या बापाचं वावर नाही मृत्युपत्रात वाटाले. बरं, सोमवारच्या आत मरणार हाये का तुम्ही?”

“तसं काही ठरलं नाही.”

“मंग सोमवारी बिल्ला रद्द होते, अन् पोरीच्या हाती नुसता कागद राह्यते.”

“खरं सांगितलं त मले धरतीन ना हो?”

“धरतीन बी. मी काय साहेब हाये?” मग चष्मा खाली घेऊन म्हणाले, “पण तुम्ही सांगितलं त पोरीचा अर्ज मी लिहून देतो. फुकट. कविता ऐकवू नका फक्त.”

कलम पाचवे. तसाच मी सरवरीभाभीकडे गेलो. ती दारात बसली होती, गुलनार तिच्या ओढणीवरचा कापूस झटकत होती. बिल्ला पुढे ठेवून मी सगळे सांगितले.

“म्हणजे कमिटीनं नाही म्हटलंच नव्हतं?” तिने विचारले.

“मी विचारलंच नाही, भाभी.”

तिला खोकला आला. तो संपेपर्यंत मी उभा होतो. मग ती म्हणाली, “दर ईदले तुमच्या घरी शिरखुर्मा पाठवला मी. हैदरचा दोस्त म्हणून.” गुलनार माझ्याकडे पाहत नव्हती.

“सोमवारी गुलनार कचेरीत येते. तुम्ही संग यायचं. साहेबाले तुमच्या तोंडानं सांगायचं, पोरीनं नाही.”

“येतो.”

“तुमच्या ‘येतो’चा मले भरोसा नाही. बिल्ला इथंच ठेवा.”

ठेवला. म्हणून चौथे कलम खोडले आहे. त्यातली वस्तू आता माझ्यापाशी नाही.

कलम सहावे. टोपली, बोरू, शाईची पूड, पाट्या व तासायचा चाकू हे माझ्या मरणाची वाट न पाहता आजपासून गुलनारचे. मराठी शाळेच्या बोरूचा काप वेगळा, उर्दू शाळेचा वेगळा. हैदरने मला शिकवले तसे मी तिला शिकवीन, तिने शिकू दिले तर. शेजारी बोरे विकणाऱ्या शालूबाईने आपली टोपली दरसाल चार बोटे सरकवत हातभर आत आणली आहे. मला बिल्ल्याच्या भीतीने भांडता आले नाही. तो हातभर गुलनारने परत घ्यावा.

कलम सातवे. कालपासून सायकलची घंटी वाजली की दारोगा आला असे वाटते. मन रमावे म्हणून कविता म्हणायला बसलो, तर दुसरे कडवे आठवेना. सोमवारी मला अटक झाली तर पुष्पाबाईने घर गहाण टाकून सोडवू नये. तिला अजून काही सांगितलेले नाही. उद्या सांगेन असे लिहितो, म्हणजे सांगावे लागेल.

कचेरीला सात पायऱ्या आहेत. मी स्वतःला ओळखतो. पायरीवरून मी मागे फिरलो, तर अर्जुनरावांनी हा कागद साहेबांपुढे ठेवून तिसरे कलम मोठ्याने वाचावे. मी दाराशी उभा राहून हात जोडले, तरी मध्ये थांबू नये.

सही: तुळशीराम महादजी वानखडे

साक्षीदार:
१. अर्जुनराव सखाराम तायडे, अर्जनवीस. चौथे कलम माझ्यासमक्ष खोडले. सोमवारी दहा वाजता कचेरीत असेन.
२. शरच्चंद्र विनायक देशमुख, शिक्षक, मराठी शाळा. सही समक्ष केली. नाव त्यांनी स्वतःच लिहिले.

मुक्काम मलकापूर, शनिवार, तारीख १२ नोव्हेंबर १९३८.