ढिगाजवळ पाहिलेलं

बापू,

मी दादाला सांगितलं होतं, तांड्यावरच्या मावशीला ढिगातली हळद घेताना पाहिलं. ते चूक आहे. मी तिला ढिगाजवळ वाकलेली पाहिली आणि मग ओटी सावरत उठताना पाहिली. मध्ये मी डोक्यावरची कळशी उतरवायला वळले होते. तिचा हात ढिगात होता की शेजारच्या सरीत, ते मला दिसलंच नाही.

तुम्ही असतात तर मला त्या वाक्यावरच अडवलं असतं. तुम्ही गेलात त्याच्या आधीचा उन्हाळा. आई भाकरी थापतेय, तुम्ही उंबऱ्यावर बसून मला इंग्रजी शिकवताय. मी म्हणते, "आय सॉ हर मेक अ भाकरी."

"पीठ मळल्यापासून भाकर फुगेस्तोवर हितंच होतीस?"

"न्हाई, मधी पाण्याला गेलते."

"मग मेकिंग म्हण. मधलंच पाह्यलं तर मधलंच सांगावं."

आई भाकर उलटत म्हणते, "दोघं पाहूनच राहा. जाळ कोण घालीन?"

आपल्याकडे मालकानं ढीग उचलला की सरवा खुला होतो. रानात राहिलेलं वेचील त्याचं. तुम्ही मात्र ढीग रानात असतानाच बायांना येऊ द्यायचात, आणि दादानंही ते चालू ठेवलं होतं. माझ्या एका वाक्यावर त्यानं अख्ख्या तांड्याचा सरवा बंद केला. मावशी दारात आली. "ताई, माझा हात ढिगात पाह्यला का तुमी? व्हय म्हणा, न्हाईतर न्हाई म्हणा." मला दोन्ही म्हणता आलं नाही. ती आली तशी निघून गेली.

काल दादाजवळ विषय काढला. "आधी पाह्यलं म्हणलीस, आता न्हाई म्हणतीस. काहून घोळ घालून राहिलीस?" मी कळशी उचलून पाण्याला गेले. मंगळवारी रानात ट्रॅक्टर येणार, राहिलेली हळद मातीत जाणार. मी बोलले तरी तांड्यावर आलेला आळ आता निघेल, असं वाटत नाही. बाया तर दुसऱ्या गावाला कामाला जाऊही लागल्या.

तरी सोमवारी हळद शिजवायला सगळे कढईभोवती जमतील, तेव्हा सगळ्यांदेखत सांगणार आहे. हे पत्र कुठं टाकायचं नाहीच. खरं तर दादा आत्ता ओसरीवर एकटाच बसलाय, आणि मी इथं लिहीत बसलेय. आज शनिवार. सांगेन सोमवारी.