यिशुनमध्ये मी कंट्री गायले

बाबा, काल दुपारी मी इथल्या कम्युनिटी क्लबात अमेरिकेतलं कंट्री, म्हणजे तिकडचं गावाकडचं गाणं म्हटलं. अंगावर सुती साडी, डोक्यावर रुंद काठाची टोपी आणि समोर खच्चून भरलेला हॉल. तुम्ही आधी पोट धरून हसला असता आणि मग लगेच गंभीर होऊन विचारलं असतं, "सूर कोणता घेतलास?" काळी चार, बाबा. तुम्हाला यातलं काहीच माहीत नाही, कारण तुम्ही गेलात तेव्हा मी सिंगापूर नकाशातसुद्धा नीट शोधलं नव्हतं. आम्ही राहतो ते यिशुन शहराच्या उत्तर टोकाला आहे. भुसावळच्या आपल्या रेल्वे क्वार्टर्सवर दहा-बारा मजले चढवले तर जे दिसेल, साधारण तसं. घरात मी, नवरा आणि तुम्ही न पाहिलेली तुमची नात. आज सोमवार. पाया लेबारच्या ऑफिसात डबा संपवून बसलेय, समोर एका इमारतीचं ड्रॉइंग उघडं आहे, आणि ते बाजूला सारून तुम्हाला लिहितेय.

तुमची ती कंट्री गाण्यांची कॅसेट आठवते? लोको शेडमधले अँग्लो-इंडियन ड्रायव्हर अंकल ऑस्ट्रेलियाला कायमचे निघाले तेव्हा तुम्हाला देऊन गेले होते ती. तुम्ही फिटर, ते मेल गाडीचे ड्रायव्हर, पण गाण्यावरून तुमची दोस्ती. कव्हरवर हातात गिटार घेतलेला एक काळा माणूस, डोक्यावर मोठी टोपी. तुम्ही ते चित्र आईला दाखवून म्हणालात, "बघ, माणूस आपल्यासारखा आणि रुबाब पाटलाचा!" आई कळण्याची भाकरी थापतेय, टेपरेकॉर्डर पिठाच्या डब्यावर ठेवलाय, आणि तुम्ही जमिनीवर बसून पेटीवर त्याचा सूर शोधताय. "काय म्हणतो तो, समजतं तरी का तुम्हाला?" आई विचारते. "समजतं ना. कोणीतरी सोडून गेलंय त्याला," तुम्ही म्हणता. "रेल्वेनंच गेलं असणार." मी दारात बसून इतकी हसते की आई मलाच रागावते. पण तुमचा अंदाज बरोबर होता, बाबा. मोठी झाल्यावर मला इंग्रजी शब्द कळले. गाडी खरंच होती त्यात.

आणि रेल्वे इन्स्टिट्यूटचं ते स्नेहसंमेलन. चौदा एप्रिलच्या जयंतीला तुमची गायन पार्टी ऐकायला आख्खी वस्ती लोटायची, पण त्या दिवशी तुम्ही नाट्यपद निवडलं होतं. पांढरा सदरा, घरून आणलेली पेटी, आणि पहिल्या रांगेत साहेब लोक. अंतरा संपतो न संपतो तोच त्यातले एक साहेब हसत, अगदी कौतुकानंच म्हणाले, "आवाज फार छान आहे हो तुमचा. पण हे काही तुमचं गाणं नव्हे. तुमचं ते जयंतीचं ठसकेबाज काहीतरी होऊन जाऊ द्या." माझ्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. तुम्ही मात्र पेटीचा भाता हलवतच राहिलात. "तेही म्हणतो साहेब. आधी हे पूर्ण करतो." आणि पूर्ण केलंत, ताना घेत, मजेत, आणि मग जयंतीचंही असं म्हटलंत की मागच्या रांगा उभ्या राहिल्या. घरी येताना मी तणतणत होते, "यापुढे त्यांची गाणी म्हणूच नका तुम्ही." तेव्हा तुम्ही रस्त्यात थांबून मला झापलंत. "त्यांची म्हणजे कोणाची? गाण्याचा सातबारा असतो का गं कोणाच्या नावावर? राग येऊ दे, हरकत नाही. पण रागापायी गाणं सोडलंस तर याद राख." पुढे इंजिनिअरिंग, नोकरी, लग्न, परदेश. गाणं सुटलं नाही, पण स्वयंपाकघराबाहेरही कधी पडलं नाही.

इथे मात्र गंमत झाली. या देशात कंट्रीच्या तालावर रांगेत नाचण्याचं भलतंच वेड आहे. लाइन डान्स म्हणतात. चिनी, मलाय, तमिळ, सगळ्या बायका ओळीत उभ्या राहून एकसारखी पावलं टाकतात. डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी चाला म्हटल्यावर मी चालण्याऐवजी तिथे नाव घातलं. शिकवणाऱ्या आंटी निवृत्त नर्स, चिनी, आवाज हेडमास्तरांसारखा. एका शनिवारी त्यांनी नवं गाणं लावलं, आणि टाचा आपटत असतानाच ओरडून सांगितलं, "धिस सिंगर ब्लॅक, यू नो! कंट्रीमध्ये नंबर वन लाह! इतक्या वर्षांनी!" (इथे बोलण्याला "लाह"चं शेपूट लागतंच.) बाकीच्या "इज इट?" म्हणून नाचत राहिल्या. मी मात्र जागच्या जागी थांबले आणि मागच्या मलाय बाईंनी माझ्या टाचेवर पाय दिला. मला पिठाचा डबा दिसत होता, बाबा.

घरी येऊन कॉम्प्युटरवर तासन्‌तास वाचत बसले. हा गायक आधी वेगळ्या प्रकारची गाणी म्हणून नावाजलेला. कंट्रीकडे वळला तेव्हा लोकांना वाटलं, याला तिथे कोण ऐकणार? तो गावोगावच्या रेडिओ स्टेशनांवर स्वतः जाऊन भेटून आला, आणि गाणं थेट वर पोचलं. मग मागचंही वाचलं. या गाण्यांत वाजतो तो बॅन्जो मूळचा आफ्रिकेतला. आपल्या लग्नाच्या वरातीतला बटणांचा बेंजो वेगळा. हा कातडी मढवलेला, गुलाम करून नेलेल्या माणसांनी तिकडे घडवलेला. वाद्य त्यांचं, निम्म्या चाली त्यांच्या, आणि पुढे त्यांनाच विचारलं गेलं, तुम्ही इथे कसे? एके काळी काळ्या गायकाचा फोटो रेकॉर्डवर छापायलाही कंपन्या कचरायच्या म्हणे. लोकांनी आधी आवाज ऐकावा आणि चेहरा मग पाहावा, म्हणून. मी नवऱ्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे बाबांचं इन्स्टिट्यूटच की!" तुम्हाला न भेटलेला माणूस हा, पण तुम्हाला ओळखतो चांगला.

क्लबाचा वार्षिक कार्यक्रम ठरला. मरीन परेड भागातल्या युरेशियन, म्हणजे इथले अँग्लो-इंडियनच म्हणा, अशा अंकल लोकांचा एक जुना बँड वाजवणार होता आणि त्यांची गायिका मुलीकडे पर्थला निघून गेलेली. आंटींनी माझं नाव परस्पर देऊन टाकलं. नाचताना मी गुणगुणते ते त्यांनी हेरलं होतं. तालमीला गिटारवाल्या अंकलच्या फ्लॅटवर गेले. त्यांनी चहा दिला, बिस्किटं दिली, आणि फार सौम्यपणे म्हणाले, "माय डिअर, तू इंडियन. एखादं छान बॉलिवूड म्हण ना. कंट्री आम्ही सांभाळू." बाबा, माझी कानशिलं पुन्हा तशीच तापली. पण तोंडातून जे बाहेर आलं ते ऐकून मीच चकित झाले. "तेही म्हणीन अंकल. आधी हे म्हणते." आणि त्यांनी काही म्हणायच्या आत सुरू केलं.

पहिल्या कडव्यात त्यांनी हात वर करून थांबवलं. "तो सूर असा ओढू नकोस." मी मींड घेत होते, तुमची सवय. पुन्हा म्हटलं, पुन्हा मींड आली. गळ्याला दुसरं येतच नाही. तेवढ्यात कोपऱ्यात मांडीवर स्टील गिटार घेऊन बसलेले दुसरे अंकल, जे तोवर फक्त बिस्किटं खात होते, त्यांनी तारेवरून दांडी सरकवून तीच जागा वाजवली. हुबेहूब. खोलीत सगळे एकमेकांकडे बघायला लागले. "अगेन," गिटारवाले अंकल म्हणाले. पुन्हा केलं. "आणखी एकदा." मग ते हसले, कपाळावर हात मारून घेतला आणि बायकोला हाक मारली, "डार्लिंग, बाहेर ये, हे ऐक!" त्या दुपारी चहा गार होऊन गेला, कोणी प्याला नाही.

काल हॉलमध्ये मी ते नंबर वन गाणं म्हटलं. लेक आधी तोंड लपवत होती, "मम्मी, हॅट नको लाह, सो एम्बॅरसिंग!" दुसऱ्या कडव्याला ती आंटींच्या शेजारी रांगेत नाचत होती. माझ्याकडे न बघता, पण पावलं बिनचूक. एक सरदारजी काका व्हीलचेअरवरून टाळ्या वाजवत होते. गाणं संपल्यावर गिटारवाले अंकल माइकवर म्हणाले, "नाऊ बॉलिवूड!" आणि मी मान हलवून नाट्यपद सुरू केलं. त्यांना फरक कळला नाही, पण स्टील गिटार माझ्या मागोमाग येत राहिली आणि यिशुनच्या बायका नाट्यपदावर लाइन डान्स करत होत्या. सम कुठे येते ते त्यांना माहीत नव्हतं, तरी टाच तिथेच पडत होती.

जेवणाची सुट्टी संपली. हे पत्र टाकायला कुठलीही पेटी नाही, आणि घरी नेलं तर लेक म्हणेल, वाचून दाखव. म्हणून हे इथेच ड्रॉवरमध्ये राहील. तुम्हाला वाटेल, स्टेजवर उभी राहून पोरीला आपली आठवण आली असेल, डोळे भरून आले असतील. सगळे तसंच समजताहेत, आणि मीही कोणाला नाही म्हटलं नाही. पण तुमच्याशी खोटं कशाला बोलू? गाताना तुम्ही मला एकदाही आठवला नाहीत, बाबा. इतकी मजा येत होती.