यांच्या जागेवर मीच

२ फेब्रुवारी
...आणि त्या सकाळीही मी हेच करत होते. गोदामाचं शटर अर्धं वर, ओल्या फडक्यानं भाड्यानं द्यायच्या खुर्च्यांच्या पाठी पुसायच्या, थप्प्या लावायच्या, मधेच आत जाऊन चहाचं आधण बघायचं. हे दारात बूट घालत होते. म्हणाले, दुपारी जेवायला नाही, पालिकेत बैठक आहे. मी म्हटलं, डबा न्या. म्हणाले, नको, नगरसेवकानं डबा नेला की लोक म्हणतात कंजूष आहे. पालिकेच्या जिन्यातच गेले. दुसरा मजला काही गाठला नाही. मी मात्र त्या दिवशी उरलेल्या खुर्च्या पुसून ठेवल्या होत्या, कारण संध्याकाळी एका लग्नाला जायच्या होत्या. त्याच खुर्च्यांवर लोक आमच्याकडे येऊन बसले. लग्नाला दुसऱ्या पाठवल्या.

हे आज आठवलं, कारण निवडणूक जाहीर झाली. ठरवलं. यांच्या जागेवर मीच उभी राहणार.

रोजनिशी आजपासून. शाळा चौथीतच सुटली. पुढचं वाचन पुड्यांचे कागद आणि भिंतीवरची पोस्टरं वाचून शिकले, आता वाचनालयातली तीन कपाटं संपवली आहेत. त्यातल्या एका चरित्रात लिहिलंय, मोठी माणसं रोज लिहितात. म्हणून.

५ फेब्रुवारी
चिरंजीवांना सांगितलं. फोनमधून मान वर न करता म्हणाले, बघू. यांचंही तसंच होतं. बघू म्हणजे हो.

वन्संना फोन केला. म्हणाल्या, वहिनी, आधी घरातलं पोरगं ऐकतं का ते बघा, मग वॉर्डाचं बघा. वन्संच्या घरातून कधी कुणी सोसायटीचा सेक्रेटरीसुद्धा झालं नाही. माणूस जळतं.

दुपारी शहराध्यक्षांकडे. स्वतः उठून पंखा लावला. म्हणाले, बाई, तुमच्याबद्दल आदर आहे, पण पक्षाला यंदा तरुण चेहरा हवा आहे. मी म्हटलं, मला कुणी पन्नाशीची म्हणत नाही. पोट धरून हसले. शेजारचे दोघंही हसले. इतक्या मोकळेपणानं ते पूर्वी कधी वागले नव्हते. काम झाल्यासारखंच आहे.

९ फेब्रुवारी
पक्षकार्यालयाच्या काचा फोडल्या. टेबलं उलटी, जुन्या कार्यकारिणीचा फोटो पायाखाली चुरा केलेला. त्यात यांचाही चेहरा. युवक आघाडीच्या फोटोला ओरखडा नाही. समोरच्या पक्षाची माणसं घाईत असावीत, तिथवर पोचली नाहीत.

चिरंजीव उशिरा उठले. उजवी मूठ फाटलेली. म्हणाले, जिममध्ये वजन निसटलं. चिमट्यानं काचेचे तुकडे काढले, आयोडीन लावलं. जिममध्ये आरसे फार असतात म्हणे.

सहानुभूतीची लाट आता आपल्याच बाजूनं.

१३ फेब्रुवारी
लाँड्री जळाली. समोरच्या पक्षाचा उमेदवार लाँड्रीवालाच. अर्ध्या वॉर्डाचे कपडे आत. लाँड्रीवाल्याच्या भावाचे दोन्ही हात भाजले, शटर वर करायला गेला होता.

यांचा राखाडी कोट तिथेच होता. वर्षातून एकदा धुवायला देते. घालणारं कुणी नाही, तरी देते. बटणं सापडतील म्हणून राखेत काठीनं ढवळून पाहिलं. नाही सापडली.

लाँड्रीवाला आमच्या दारात येऊन ओरडला, बाई, पोराला आवर, नाहीतर मला आवरावं लागेल! चार लोक गोळा झाले. मी शांतपणे म्हटलं, दादा, वायरिंग जुनं होतं तुमचं. पराभव दिसायला लागला की माणूस असं वाटेल ते बोलतं.

चिरंजीवांच्या बुटांना रॉकेलचा वास. म्हणाले, गोदामातल्या खुर्च्यांचा गंज काढत होतो. जन्मात पहिल्यांदा गोदामाला हात लावला. बापाच्या वळणावर जातोय.

१७ फेब्रुवारी
पैलवानांना मारलं. यांचे उजवे हात होते ते, आता माझे. चहाच्या टपरीवर बसले होते, तोंडं बांधलेली तीन पोरं मोटारसायकलवरून उतरली आणि सळयांनी मारलं. बरगड्या गेल्या, पुढचे दात गेले. टपरीवाला म्हणाला, मारताना काका, काका म्हणत होते. म्हणजे संस्कार अजून शिल्लक आहेत.

मी दवाखान्यात गेले. मला बघून पैलवान भिंतीकडे वळले. बोबडं बोलत म्हणाले, वहिनी, मला आता यातून सोडा, पोरांना करू द्या. वय झालं बिचाऱ्यांचं. दात तसेही हलत होते.

जाताना त्यांच्या बायकोनं माझ्यासमोर पिशवी आपटली फक्त. थकली असेल.

संकल्प: प्रचार आणखी जोरात करायचा.

२० फेब्रुवारी
तारीख ठरली. तेवीसला वॉर्डाची निवडसभा.

आमच्या वॉर्डात पक्षाचा उमेदवार निवडायची पद्धत यांनीच घालून दिलेली. पूर्वी हात वर करायचे, पण लोक दोन्ही हात वर करायचे आणि मोजणीवरून मारामारी. म्हणून यांनी ठरवलं, इच्छुकानं समोर उभं राहायचं, ज्याला जो हवा त्यानं आपली खुर्ची उचलायची आणि त्याच्या मागे नेऊन बसायचं. माणसाला दोन हात असले तरी बूड एकच. एकदा टेकला की मोजणी होईपर्यंत उठायचं नाही. खुर्च्या अर्थातच आमच्या.

मास्तर आले होते. निम्म्या वॉर्डाला त्यांनी शिकवलंय, चिरंजीवांनासुद्धा. एका कानानं ऐकू येत नाही, म्हणून सगळं ओरडून बोलतात. म्हणाले, बाई, प्लॅस्टिकच्या खुर्च्या नकोत. वाऱ्यानं उडतील अशा खुर्च्या कुणीही इकडून तिकडे नेतो. लोखंडी द्या. लोखंडी उचलेल तो मनापासून उचलेल. सोन्यासारखा विचार. माझी माणसं जुनी, मनापासूनची.

चिरंजीवांना भीत भीत विचारलं, लोखंडी जड पडतील का रे? एकदम खूश. म्हणाले, आई, लोखंडीच पाठव, फोल्डिंगच्या. सगळ्या. इतक्या महिन्यांत माझ्या एखाद्या म्हणण्याला पहिल्यांदाच हो म्हणाले. त्यांचा मित्र डंबेल, म्हणजे जिममधला तो बिनमानेचा, स्वतः टेम्पो घेऊन आला. चार-चार उचलत होता. मी म्हटलं, बाळा, चहा घे. घेतला.

२३ फेब्रुवारी, सकाळ
आज. मला साठेक खुर्च्या मिळतील. पैलवान आणि त्यांची माणसं धरली नाहीत तरी पन्नास. चिरंजीव म्हणाले, तू पुढे हो, मी येतो. माझ्या शेजारी उभं राहायला लाजतोय.

२३ फेब्रुवारी, संध्याकाळ
लिहिते.

शहराध्यक्षांनी माझं नाव पुकारलं. मी डावीकडे उभी राहिले. मग म्हणाले, दुसरं नाव. चिरंजीवांचं. मी टाळ्या वाजवल्या. वाटलं, मी आजारी पडले तर हाताशी कुणी असावं, म्हणून पक्षानं सोय केली असेल.

मग खुर्च्या उचलल्या. लोखंडाचा असा आवाज मी गोदामातसुद्धा ऐकला नाही. सगळा हॉल माझ्यासमोरून पलीकडे गेला. टेलर गेले, केमिस्ट गेला, हे गेल्यावर रोज डबा पाठवणारी शेजारीण गेली. पैलवान छातीला पट्टा बांधून आले होते, त्यांची खुर्ची डंबेलनं उचलली. ते जमिनीकडे बघत गेले. मी तरी म्हणत होते, फिरून इकडे येतील, हॉल अरुंद आहे.

माझ्या मागे एक खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मास्तर. बसले, चष्मा पुसला आणि ओरडून म्हणाले, बाई, बसलो हो!

पोरं हसली. डंबेल म्हणाला, मास्तर, चुकीच्या डब्यात बसलात, गाडी तिकडून सुटणार आहे. मास्तर म्हणाले, मी चुकणारा असतो तर तुला पास केलं असतं. सगळा हॉल हसला. पैलवान बरगडी धरून हसले. एक क्षण सभा पूर्वीसारखी झाली.

शहराध्यक्ष म्हणाले, एकमतानं झालं तर पेपरात बरं दिसेल.

चिरंजीव आले. म्हणाले, मास्तर, उठा. मास्तर म्हणाले, टेकलेला उठत नाही, तुझ्या बापाचा नियम आहे. चिरंजीव पुन्हा म्हणाले, उठा. तिसऱ्यांदा म्हणाले नाहीत. शेजारची खुर्ची मिटली, दोन्ही हातांनी डोक्यावर नेली आणि मारली. मास्तर खुर्चीसकट आडवे झाले. पडल्यावर परत मारली.

त्यानंतर सगळ्यांच्याच हातात खुर्च्या होत्या. लाँड्रीवाल्याची माणसं बाहेर टपूनच होती, तीही आत घुसली. ट्यूबलाइट फुटल्या. कोण कुणाला मारतंय ते त्यांनाही कळत नसावं. टेलरचा अंगठा बिजागरीत चिरडला, ते लहान मुलासारखे आई गं करत होते. मी खाली बसले होते. मास्तरांचं डोकं मांडीवर. रक्त गरम असतं हे माहीत होतं. इतकं असतं हे माहीत नव्हतं.

मोजणी झाली नाही. तांत्रिकदृष्ट्या मी अजून हरलेले नाही.

२४ फेब्रुवारी
मास्तर शुद्धीवर नाहीत. त्यांची लेक दवाखान्याच्या बाकावर बसली होती. मला जागा दिली. त्याहून शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

फौजदारानं काल सगळ्यांना विचारलं म्हणे. सगळे म्हणाले, खुर्ची मोडली, मास्तर पडले. पैलवानसुद्धा.

चिरंजीव जेवायला आले. अंघोळ केली, पोटभर जेवले, दोनदा भात घेतला. म्हणाले, आई, खुर्च्या आपल्या आहेत, तू सांगितलंस की विषय संपला. खुर्ची जुनी होती, मोडली. मी म्हटलं, आपली खुर्ची आजवर मोडलेली नाही. म्हणाले, मग एक मोडू दे की. आईसाठी मुलगा मोठा का खुर्ची? मी म्हटलं, दोनदा का मारलंस? म्हणाले, कधी? खरंच आठवत नव्हतं त्याला. पाणी मागितलं. दिलं.

दुपारी शहराध्यक्षांचा फोन. उमेदवारी तरुण रक्ताला. पण निवडणुकीनंतर महिला आघाडीचं अध्यक्षपद माझ्यासाठी राखून ठेवलंय, केबिनसकट. फक्त उद्या चौकीवर जाऊन तेवढं सांगून या.

विचार केला. नगरसेवकापेक्षा अध्यक्ष मोठाच. आणि लोखंड गंजतं, खुर्ची मोडू शकते. मास्तरही म्हातारे, आज ना उद्या कुठे तरी पडलेच असते. आपलेच दात, आपलेच ओठ. हे असते तर त्यांनीही पोटच्या पोराला सांभाळून घेतलं असतं. बहुतेक.

टेम्पो खुर्च्या टाकून गेला होता. पुसायला बसले. बहुतेक सगळ्या धड. ती सापडली. उघडली, मिटली, वर बसून पाहिलं. कुरकुरलीसुद्धा नाही. बिजागरीत पांढरे केस अडकलेले. बाकीच्या पुसल्या. ती तशीच ठेवली.

ठरलं. उद्या चौकीवर जायचं आणि खुर्ची मोडली म्हणून सांगायचं. दोन वाक्यांचं काम.

२५ फेब्रुवारी
सकाळी ती खुर्ची हातगाडीवर घालून चौकीवर नेली. फौजदार म्हणाला, मोडलीय कुठे? उघडून दाखवली. तो म्हणाला, बाई, बसून बोला. त्या खुर्चीवर बसले नाही, उभ्यानंच सांगितलं. माझ्या मुलानं मारलं. दोनदा. त्यानं विचारलं, नक्की ना? मी पुन्हा सांगितलं आणि मुलाचं नाव, वय, पत्ता लिहून दिला.